शून्य अपघाती मृत्यू : खरंच जमेल, की नुसता बोर्ड लागेल?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' करायचा असं २०१६ मध्ये ठरलं. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, रस्ता सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्रा त्यात होते. त्या वर्षी ९४.५ किमीच्या त्या रस्त्यावर १५१ माणसं गेली होती. २०१९ मध्ये तो आकडा ९२ वर आला. शून्य नव्हे, पण उतरला हे नक्की.

देशाचं मात्र उलटंच चाललंय. २०२२ मध्ये १,६८,४९१ मृत्यू, २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांच्या वर. २०३० पर्यंत हे निम्म्यावर आणू असं आपण २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत मान्य करून बसलोय. आणि डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द गडकरी लोकसभेत म्हणाले की परदेशी परिषदांत हा विषय निघाला की तोंड लपवावं लागतं.

आता आमच्याकडचं. राज्य महामार्गावर आमच्या गावचा फाटा आहे. दर सहा-आठ महिन्यांनी तिथे काहीतरी होतंच. बोंबाबोंब झाली, रास्ता रोको झाला, मग एक बोर्ड लागला: 'अपघात प्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा'. त्या बोर्डालाच एक ट्रॅक्टर धडकला, तेव्हापासून तो आभाळाकडे बघतोय.

प्रश्न साधा आहे. एक्स्प्रेसवेवर असं काय केलं जे आमच्या फाट्यावर करता येणार नाही? माझं मत विचाराल तर 'शून्य' हे भाषणात टाळ्या घेण्यापुरतं आहे. पण जाणकारांनी सांगावं.

टोलनाका

शून्याचा शोध भारतात लागला, वापर स्वीडनने केला. :)

मधली_सीट

करण्यासारखं काही नाही. आपल्या लोकांना शिस्त नाही, विषय संपला. राँग साइडने येणार, मोबाइल कानाला लावणार, तिघं-तिघं बसणार आणि मग सरकारच्या नावाने शंख. लायसन्स टेस्ट न देता मिळतं तिथे तुम्ही सोन्याचे रस्ते बांधा, मरणारे मरणारच. दंड दसपट करा आणि गाडी जप्त करा. महिनाभरात सरळ होतील.

रिकामटेकडा

पहिल्या तीन प्रतिसादांत 'शिस्त' आली. शंभरी गाठणार हा धागा. शेंगदाणे घेऊन बसतो.

उत्तरध्रुव

टोलनाका यांनी स्वीडन काढलंच आहे तर लिहितो, गोथेनबर्गला राहतो.

इथल्या संसदेने ऑक्टोबर १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' मंजूर केलं. त्यातली मुख्य गोष्ट मधली_सीट यांच्या बरोब्बर उलटी आहे. माणूस चुकणारच हे त्यांनी आधीच धरलं. दमलेला असेल, रागात असेल, पोर मागे रडत असेल. तो चुकला तर त्याला दंड जरूर करा, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, आणि ती तशी होऊ नये याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याची आणि चालवणाऱ्या खात्याची.

मग त्यांनी वेग ठरवले ते शरीराला किती मार सोसतो त्यावरून. जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३०. चौकात बाजूने धडक बसू शकते तिथे ५०. समोरासमोर धडक शक्य आहे, मध्ये काही अडसर नाही, तिथे ७०. यातलं काहीच होऊ शकत नाही असा रस्ता असेल तरच १०० किंवा जास्त. म्हणजे तुम्हाला वेग हवा ना, मग आधी दुभाजक बांधा, पादचाऱ्याला वेगळी वाट द्या, मग वेग घ्या.

त्यांचा सगळ्यात गाजलेला उपाय म्हणजे '२+१' रस्ता. जुना रुंद दुपदरी रस्ता घेतला, मधोमध पोलादी दोरांचा कठडा टाकला आणि दर थोड्या अंतराने एका बाजूला ओव्हरटेकसाठी जादा लेन दिली. नवीन जमीन जवळपास नाही. समोरासमोरच्या धडकांतले मृत्यू तिथे धडाधड कमी झाले. मोटरसायकलवाले चिडले, ते या दोरांना चीज कापायची सुरी म्हणतात.

आणि शून्य? अजून नाही झालं. दहा वर्षांत निम्मे करू म्हणाले होते, तेही साधलं नाही. पण १९९७ मध्ये वर्षाला ५४१ जायचे, आता दोनशेच्या आसपास जातात. लोकसंख्या सुमारे एक कोटी. महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५,२२४ गेले.

मधली_सीट

एक कोटी लोकांचा देश, थंडीत रस्त्यावर कुत्रं नसतं. तुलना काय करता? इथे लोकांनी दुभाजक फोडून वाटा काढल्यात, तुमचे पोलादी दोर भंगारात विकून खातील.

शेवंता_

@मधली_सीट, एक्स्प्रेसवेवर तेच पोलादी दोर लागलेत की हो. दुभाजकाच्या कडेला बघा पुढच्या वेळी. कोणी भंगारात विकले नाहीत अजून.

मी दर आठवड्याला त्या रस्त्याने जाते. फरक डोळ्यांना दिसतो. पुलांचे उघडे काँक्रीटचे खांब होते त्यांना कठडे आले, कठड्यांची भाल्यासारखी टोकं होती ती झाकली. आता कॅमेरे आलेत, त्यामुळे लोक घाटात साठच्या आत बसतात आणि बोगदा संपला की सगळे जणू शर्यतीला सुटतात, ते वेगळं. पण दंडाचे मेसेज यायला लागल्यापासून आमच्या ह्यांचा पाय आपोआप वर येतो. माझ्या बारा वर्षांच्या बोलण्याने जे झालं नाही ते एका चलनाने केलं. :D

फाटकतात्या

आमच्या पुण्याचा उल्लेख अजून कसा नाही? १ जानेवारी २०१९ ला हेल्मेटसक्ती सुरू झाली आणि तिच्या विरोधात मोर्चे निघाले, तेही आमच्याच शहरात. डोकं वापरायचं की झाकायचं हा पुणेकरांचा वैयक्तिक प्रश्न आहे असा एकंदर सूर होता.

मी स्वतः हेल्मेट घालतो, सांगून ठेवतो. पण गल्लीत भाजी आणायला जाताना घालावं का यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत आणि त्यातला एक तट माझी बायको आहे.

टोलनाका

तात्या, दोन्ही तट तुमच्या घरातच राहतात असं दिसतंय.

हिरवी_पाटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. हेल्मेटचे विनोद वाचले, हसलेही. पण मूळ धाग्यात एक गोष्ट राहिली ती सांगते. सगळे मेलेल्यांचं बोलताय. 'गंभीर जखमी' या रकान्यात जे जातात ते माझ्याकडे येतात.

पेपरात 'तिघे गंभीर' एवढंच असतं. त्यातला एक दुसऱ्या दिवशी जातो, एक बरा होतो आणि एक माझ्या टेबलाशी बसून शर्टाचं बटण डाव्या हाताने लावायला शिकतो. चौथ्या काजाशी आला की घामाघूम होतो. वय तेवीस, डिलिव्हरीचं काम करायचा. डोक्याला मार, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. असा मुलगा घरी गेला की घरातल्या एका बाईची नोकरी सुटते, कारण त्याच्याजवळ कोणीतरी लागतं. हे कुठल्या आकड्यात धरतात?

सरकारने २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना आणली, सात दिवस, दीड लाखापर्यंत. चांगलीच आहे, पहिल्या तासात दवाखाने पैशांसाठी अडवतात ते तरी थांबावं. पण आमचं काम आठव्या दिवशी सुरू होतं, तेव्हा योजना संपलेली असते.

म्हणून मला 'शून्य मृत्यू'पेक्षा 'मृत्यू आणि गंभीर इजा शून्य' हे जास्त पटतं. स्वीडनमध्येही मूळ ध्येय तसंच आहे ना? उत्तरध्रुव यांनी सांगावं.

उत्तरध्रुव

हो, दोन्ही आहेत: कोणी मरू नये आणि कोणी गंभीर जखमी होऊ नये. आणि इथे जखमींची नोंद दवाखान्यांकडूनही घेतात, फक्त पोलिसांकडून नाही. सायकलवरून एकटाच घसरून पडलेला म्हातारा पोलिसांच्या वहीत कधीच येत नाही, दवाखान्याच्या वहीत येतो.

पिकअपवाला

जुन्नरकडचा आहे. टोमॅटो, कोथिंबीर वाशी मार्केटला टाकतो. तुमची सगळ्यांची चर्चा गाडीत बसणाऱ्यांची चाललीय, चालवून पोट भरणाऱ्याची पण ऐका.

माल तोडून भरेपर्यंत रात्र होते. पहाटे मार्केटला लागलं तर भाव, उशीर झाला तर तोच माल पडून. शेतकरी भाड्यातनं कापतो. म्हणजे झोप आली तरी थांबायला जागा नाही, आणि थांबलो तर पैसे नाहीत. मी दंड भरीन, पण दंडाने झोप जात नाही.

न्यूट्रलचंही तसंच. उतारावर गाडी न्यूट्रल टाकायची नाही हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. पण मालक खेपेला डिझेल मोजून देतो, वाचलं ते ड्रायव्हरचं. मग टाकतात. शिस्त नाही म्हणणाऱ्यांनी मालकाला पण विचारावं की ॲव्हरेज कशाचं मागतोस.

फाटकतात्या

नवले पूल!! पिकअपवाल्यांनी दुखती नस दाबली. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार. २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड गाडीने तिथे ४८ गाड्यांचा चुराडा केला. तेव्हा रंबलर (गाडी खडखडवणारे आडवे पट्टे), बोर्ड, वेगमर्यादा सगळं झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तिथेच कंटेनर, आग, माणसं गेली. दरवेळी पेपरात एकच ओळ, 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने'. अहो, इतक्या वर्षांत इतक्या चालकांचं नियंत्रण नेमकं त्याच दोन किलोमीटरमध्ये सुटतं का?

मधली_सीट

न्यूट्रल टाकणारा गुन्हेगार नाही का मग? गीअर नसला की इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापतात आणि शेवटी ब्रेक लागतच नाही. तो 'ब्रेक फेल' म्हणून सुटतो. मी तर म्हणतो, नव्या कायद्यातलं ते धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांचं कलम ताबडतोब लागू करा.

टोलनाका

ते लागू करायला निघाले तेव्हा १ जानेवारी २०२४ ला ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली आणि आपण सगळे बाटल्या, कॅन घेऊन पेट्रोल पंपावर रांगेत होतो. विसरलात? ते कलम बाजूला ठेवलं गेलं. पुण्यात कल्याणीनगरला पोरानं भारीतल्या गाडीने दोघांना उडवलं तर जामिनाला तीनशे शब्दांचा निबंध, आणि ट्रकवाल्याला दहा वर्षं, हे ड्रायव्हर लोकांना पचणार कसं?

रिकामटेकडा

निबंधाचा विषय निघाला. आता कल्याणीनगर, मग न्यायव्यवस्था, मग राजकारण. शेंगदाणे संपले, दाणेकूट सुरू.

पणजीकर_माम

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री गुरं डांबराच्या उबेवर येऊन बसतात, हायवेच्या मधोमध. पर्यटक भाड्याच्या स्कूटरवर, हेल्मेट पायाशी. आणि मोटरसायकल पायलटच्या, म्हणजे आमच्या दुचाकी टॅक्सीवाल्याच्या, मागे बसणाऱ्याकडे हेल्मेट कुठलं? शिस्त, रस्ता, कायदा सगळं म्हशीपुढे थांबतं.

सुपनेकर

म्हशीवरून आठवलं, ऊस. कराड-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की रात्री दुचाकी चालवू नये. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाजूला हातभर बाहेर, मागे लाइट नाही, आणि पुढे स्पीकर एवढ्या जोरात की तुमचा हॉर्न त्याच्या बापाला ऐकू जाणार नाही. समोरून प्रखर दिवा आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही, सरळ उसात.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. मागे लाल रिफ्लेक्टरचा पट्टा किंवा चमकणारं कापड. काही कारखाने ऊस गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) घ्यायच्या आधी बघतात, लावलं नसेल तर ट्रॉली रांगेत मागे. तिथे फरक पडतो, कारण रांगेत मागे जाणं हे दंडापेक्षा जास्त झोंबतं. मधली_सीट, तुमची शिस्त अशी येते. शिस्त लावायची जागा सापडली पाहिजे.

मधली_सीट

हे पटलं. गव्हाणीवाली आयडिया भारी आहे.

रिकामटेकडा

पटलं?? या संस्थळावर?? स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

जुना_साइट_इंजिनिअर

उशिरा येतोय. रस्त्यांच्या खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. कऱ्हाकाठ यांच्या मूळ प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

आधी ब्लॅक स्पॉट म्हणजे काय. साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले ५ अपघात, किंवा तीन वर्षांत १० मृत्यू. यात बसलात तर यादीत. यादीत आलात तर अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे दोन उपाय लिहावे लागतात. अल्पकालीन म्हणजे बोर्ड, पट्टे, रंबलर, ब्लिंकर. दीर्घकालीन म्हणजे पूल, भुयारी मार्ग, वळण सरळ करणं, भूसंपादन. पहिलं महिन्यात होतं आणि कागदावर 'कार्यवाही पूर्ण' येतं. दुसऱ्याला निधी येईपर्यंत अधिकारी बदलतो. तुमचा बोर्ड तिथून आलाय.

पण या दोन्हींच्या मध्ये बरंच काही असतं जे कोणी करत नाही. फाट्याचं सांगतो, कारण राज्यातले निम्मे फाटे एकाच साच्यातले. गावचा रस्ता महामार्गाला काटकोनात नाही तर तिरका येऊन मिळतो, त्यामुळे गावाकडून येणारा न थांबता घुसतो. कोपऱ्यावर चहाची टपरी, फ्लेक्स आणि उभी वडाप (प्रवासी भरणारी जीप), त्यामुळे दोघांना एकमेक दिसत नाहीत. बस थांबा नेमका फाट्यावर, म्हणजे एसटीतून उतरलेली म्हातारी गाडीच्या पुढून रस्ता ओलांडते. आणि रात्री अंधार.

यातल्या कशाला भूसंपादन लागत नाही. तिरका रस्ता शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये काटकोनात वळवता येतो. गावच्या रस्त्यावर, महामार्गावर नव्हे, नीट मापाचा गतिरोधक टाकायचा. मापाचा म्हणजे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. गावकरी रातोरात टाकतात तो मुरमाचा उंबरठा म्हणजे गतिरोधक नव्हे, त्याने दुचाकीवरची मागची बाई पडते. बस थांबा फाट्याच्या पुढे शंभर मीटर सरकवायचा. एक हायमास्ट. मध्ये रस्ता ओलांडणाऱ्याला उभं राहायला छोटं बेट.

एक्स्प्रेसवेवर नेमकं हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. प्रत्येक मृत्यूच्या जागी जाऊन 'तो कशावर आदळला' हे बघितलं. पोलिसांचा पंचनामा 'हयगयीने व अविचाराने' म्हणून थांबतो, कारण त्यांना आरोपी हवा असतो. तो काय चुकला हे त्यांनी लिहावंच, पण तो झाडावर आदळला की खांबावर, हे आम्हाला हवं असतं. झाड कापायला किंवा खांब झाकायला त्याची शिस्त लागत नाही.

एक फरक मात्र कबूल केला पाहिजे. एक्स्प्रेसवेवर दुचाकी नाही, पादचारी नाही, बैलगाडी नाही, टोलचा पैसा आहे आणि एकच मालक आहे. तुमच्या फाट्यावर रस्ता बांधकाम खात्याचा, गावचा रस्ता जिल्हा परिषदेचा, टपरी ग्रामपंचायतीच्या आशीर्वादाची, वीज महावितरणची. चौघांना एका जागी उभं करणं हेच मोठं काम.

शेवंता_

काका, काय सुंदर लिहिलंत. मग समृद्धी महामार्गावर दुचाकी नाही, टोल आहे, मालक एकच आहे, तरी तिथे इतकं का झालं? १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बसमध्ये २५ जण गेले.

जुना_साइट_इंजिनिअर

@शेवंता_, तो मोठा विषय. थोडक्यात, सरळ रस्ता, १२० चा वेग आणि सुरुवातीला थांबायला धड जागा नाही, पेट्रोल पंप तुरळक. सरळ रस्त्यावर डोळा उघडा राहतो आणि मेंदू झोपतो. गुळगुळीत टायर तापून फुटले ते वेगळं. नंतर आरटीओने टायर बघून गाड्या परत पाठवल्या, वेगात सापडलेल्यांना बसवून समुपदेशन केलं. पण विश्रांतीच्या जागा रस्त्याबरोबर व्हायला हव्या होत्या, रस्त्यानंतर नव्हे. पिकअपवाले म्हणाले तेच, झोप दंडाने जात नाही.

पिकअपवाला

आभार साहेब. नुसतं एक शेड, पाण्याचा नळ आणि डिझेल चोरीला जाणार नाही एवढा उजेड पाहिजे. ड्रायव्हर आपोआप थांबतो.

फाटकतात्या

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं, रस्ता चुकीचा बांधला आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला, सल्लागाराला, खात्याला एक लाखापर्यंत दंड. कोणाला झालेला ऐकलाय का कोणी?

टोलनाका

एका जिवाला एक लाख, तोही जास्तीत जास्त. त्यापेक्षा आमच्या सोसायटीत पार्किंगचा दंड वसूल व्हायचा रेट बरा आहे.

कऱ्हाकाठ

बापरे, एवढे प्रतिसाद. सर्वांचे आभार. इंजिनिअर काकांनी आमचा फाटा न बघता त्याचं चित्र काढलं. तिरका रस्ता, वडाप, एसटी थांबा सगळं तंतोतंत, फक्त टपरी चहाची नाही, वडापावची आहे आणि ती सरपंचांच्या मेहुण्याची आहे.

'शून्य' म्हणजे टाळ्या घेण्यापुरतं, हे मात्र अजून माझं मत आहे. राज्यभराचं शून्य मला दिसत नाही. एका फाट्याचं दिसतं.

काका, अर्ज कोणाला करू? रास्ता रोको करून बोर्डच मिळतो हे कळलं.

जुना_साइट_इंजिनिअर

आधी पोलीस ठाण्यातून त्या फाट्याचे तीन वर्षांचे गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ आणि मृत-जखमींची संख्या माहितीच्या अधिकारात मागा. ते जोडून सार्वजनिक बांधकामच्या कार्यकारी अभियंत्याला अर्ज, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष ते असतात. अर्जात 'योग्य ती कार्यवाही करावी' असं लिहू नका, केलीच म्हणून उत्तर येईल. थांबा किती मीटर सरकवायचा, दिवा कोणत्या बाजूला, हे हाताने काढलेल्या नकाशासकट लिहा. समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात विषय आला की मग प्रत्येक बैठकीत 'सद्यस्थिती' लिहावी लागते, तिथे त्यांना टाळणं अवघड जातं.

टपरीचं शेवटी घ्या. आधी थांबा सरकवा, गिऱ्हाईक तिकडे गेलं की टपरी आपल्या पायाने जाईल.

सुपनेकर

काका, या अर्जाचा नमुना इथेच टाका ना. आमच्याकडे असे दोन फाटे आहेत.

पणजीकर_माम

मराठीत टाका, कोकणीत मी करतो.

जुना_साइट_इंजिनिअर

नमुना रविवारी टाकतो. स्कॅनर नातवाकडे आहे.